दोन तास चालणारी बॅटरी

बोरीचीवाडी (लोणंद)
१० ऑगस्ट १९७५

प्रिय हरी,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. माझा धाकटा भाऊ सयाजी लिहितोय, मी सांगतोय. तू नौदल सोडून सांगलीत बॅटऱ्या चार्ज करायचं आणि मोटारी गुंडाळायचं दुकान टाकलंस, तेव्हा एकदा येईन म्हणालो होतो. ते राहून गेलं. आता मीही पेन्शनीत निघालोय आणि तुझ्याकडे कामच निघालंय.

आपण दोघं ज्या लढाऊ बोटीवर होतो तिची नक्कल केलीय. चार फूट लांब. सागाचा सांगाडा, वर पत्रा. तोफा, डोलकाठी, तू पाळीच्या वेळी ज्या स्विचबोर्डाच्या खोलीत डुलक्या काढायचास तिचं दार, सगळं जागच्या जागी आहे. खाली पितळेचे दोन पंखे आहेत, लोणंदच्या लेथवर करून घेतलेले. आपले जुने कमांडरसाहेब विलायतेहून आले तेव्हा त्यांनी रेडिओचा संच दिला. हातात धरायच्या पेटीवर दोन दांड्या, एक सुकाणूची आणि एक वेगाची. काठावर बसून दांडी सरकवली की पाण्यातली बोट ऐकते.

राहिल्यात मोटारी आणि बॅटरी. मी इंजिनरूमचा माणूस. मला वाफ कळते, वीज कळत नाही. तू ठरव. माझ्या अटी अशा: वेग बेताचा, बंदरात शिरताना असतो तसा. बॅटरी एका चार्जवर दोन तास चालली पाहिजे. वेगाची दांडी एका बोटाने सरकावी आणि सरकवली तिथेच राहावी. रिकामी बोट साडेतीन किलो भरते. पाण्यात जिथवर बुडायला हवी त्या तांबड्या रेघेपर्यंत बसवायला तिच्यात अजून साडेचार किलो शिसं टाकावं लागतं.

गावाबाहेर बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला पाझर तलाव आहे. यंदा भरलाय. फेब्रुवारीत त्यात चिखल उरतो, म्हणजे घाई नाही, पण सुस्तीही नको.

तुझा,
हंबीरराव

ता. क. हे माझं, दादांनी सांगितलेलं नाही. दादांचा हात अलीकडे नीट चालत नाही. बोट त्यांना स्वतःच्या हाताने चालवायची आहे. जमलं तर लवकर कळवावं. — सयाजी

सांगली
२५ सप्टेंबर १९७५

प्रिय हंबीर,

उशीर झाला. गणपतीत आमच्या पेठेत मांडवागणिक एक भोंगा आणि भोंग्यागणिक एक बॅटरी. त्या सगळ्या माझ्याच दारात. विसर्जन झालं तेव्हा कुठे तुझं पत्र पुन्हा काढलं.

आता ऐक. टेपरेकॉर्डरच्या मोटारी मिळतात. हलक्या असतात, झोक्याने फिरतात, पण पितळी पंखा लावला की धापा टाकतील. दुसऱ्या म्हणजे ट्रकच्या वायपरच्या. त्या जड आणि राकट, काच पुसण्यासाठी केलेल्या, बारा व्होल्टच्या. माझं मत टेपरेकॉर्डरच्या मोटारी, वर पत्र्याचे छोटे पंखे आणि टॉर्चचे सेल. वीस मिनिटं मजेत चालेल. सेल संपले की दुसरे घालायचे. हौसेला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

दोन तास कशाला रे? गस्त घालायचीय का तलावावर? आणि दांडी एका बोटाने सरकली पाहिजे म्हणे. इंजिनरूममध्ये मनगटाएवढे व्हॉल्व्ह एका हिसक्यात फिरवणारा तू, आता नव्या नवरीसारखा बोट लावणार? सयाजी लिहितो हात दुखावलाय. मोहरीच्या तेलाने चोळ आणि मुकाट्याने दांडी ढकल.

काय ते कळव. मग बघू.

तुझा,
हरी

बोरीचीवाडी
१२ ऑक्टोबर १९७५

हरीभाऊ,

हे पत्र दादांना न विचारता लिहितोय. माझ्या हातून चूक झालीय.

तुमचं पत्र दादांना वाचून दाखवलं. नव्या नवरीचं आलं तिथे ते हसले. मग म्हणाले, वीस मिनिटांनी भागणार नाही. पुन्हा तुम्हाला लिहायचं, पुन्हा महिना जायचा, असं माझ्या मनाने घेतलं. आमच्या विहिरीवरचं इंजिन मीच उघडतो, मीच बसवतो. पाणी ओढेना झालं की जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं, एवढं मला माहीत. म्हणून फलटणहून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्या आणि मोटरसायकलच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट केले. शिसं काढायचं सुचलं नाही. त्याच्यावरच बॅटऱ्या ठेवल्या.

दादांना खुर्चीवर बसवून तलावावर नेलं. बोट तांबड्या रेघेच्या वर चार बोटं बुडाली. आमचे चुलते काठावर होते. म्हणाले, “सया, ही बोट हाय का पाण्यात बसल्याली म्हस?” सगळे हसले आणि मला राग आला. दादांनी दांडीला हात लावायच्या आत मीच ती पूर्ण ढकलली. बोट सुटली ती सरळ बांधाच्या दगडांवर जाऊन आपटली. नाक चेपलं, पुढचा सांगाडा फुटला.

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, चल घरी.

पुढचा भाग सुताराकडून करून घेतोय. मोटारी आणि बॅटऱ्या तुम्हीच ठरवा. मी आता स्वतःच्या मनाने तारही जोडणार नाही.

आपला,
सयाजी

बोरीचीवाडी
१४ आक्टोबर

हरीभावजी यांना लीलाबाईचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेली हाय, चुका पोटात घाला. हे पत्र मी ह्यांच्या माघारी लिहिते. शेजारची बयाबाई लोणंदला निघालीय, तिच्याकडनं टपालात टाकते.

ह्यांचा हात दुखावल्याला न्हाई. ह्यांना नसांचा आजार हाय. आधी उजव्या हातातनं पक्कड पडायला लागली, मग हात वाळला. आता पाय वाळत्यात. पुण्याच्या मोठ्या डाक्टरांनी सांगितलं, ह्याला औषध न्हाई. आज हाय त्याच्यापरीस उद्या कमीच. डाव्या हाताचा अंगठा तेवढा चालतोय. मी भरवते तवा जेवत्यात. बोलणं बी जरा जड झालंय.

बोटीचा सांगाडा हातात ताकद हुती तवा केला. आता एवढंच म्हणत्यात, ती माझ्या हातानं चालली पायजे. दुसरं काय बी मागत न्हाईत. म्या इचारलं, भावजींना खरं का सांगत न्हाई? तर म्हणाले, “हरीला कळलं तर त्यो मोटर बघायची सोडून मला बघायला येईल.”

तवा म्या तुमाला काय कळवलंच न्हाई असं दाखवा. पर उशीर करू नका.

लीलाबाई

सांगली
१८ ऑक्टोबर १९७५

प्रिय हंबीर,

तुझ्या दोन तासांवर विचार केला. जमेल. माझंच चुकत होतं, वेगळ्या बाजूने धरायला हवं होतं.

एक. मोटारी वायपरच्याच घ्यायच्या, पण बारा व्होल्टवर पळवायच्या नाहीत. आतली गुंडाळी मी काढतो आणि सहा व्होल्टसाठी नव्याने भरतो. संथ फिरतील, पितळी पंखे ओढतील, वीज कमी खातील.

दोन. दोन्ही मोटारींचा वेग एकसारखा पाहिजे, जोडीच्या बैलांसारखा. एक पुढे गेली की बोट वळत राहील. ते मी जुळवून देतो.

तीन. मोटरसायकलच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पण सयाजीने जोडल्या तशा नाहीत. शेजारी शेजारी जोडल्या की व्होल्ट सहाच राहतात आणि वेळ दुप्पट मिळतो. शिसं सगळं काढून टाक. बॅटऱ्या आणि मोटारी मिळून साडेचार किलोच्या आसपास भरतील. तळाशी त्याच ठेव. तांबडी रेघ बरोबर पाण्याला लागेल.

रेडिओची पेटी आणि बोटीतला भाग एसटीच्या पार्सलने लगेच पाठव. दांडीची स्प्रिंग मी बघतो. मोटारी आणि पितळी पंखेही त्यातच घाल.

दुकानातली बाकीची कामं पोरांवर सोडलीत.

तुझा,
हरी

बोरीचीवाडी
२६ ऑक्टोबर १९७५

प्रिय हरी,

पार्सल निघालंय.

तुझं मागचं पत्र यायला दीड महिना लागला आणि हे उलट टपाली आलं. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. एक, दोन, तीन असे मुद्दे घातलेले. तू जन्मात असं पत्र लिहिलेलं नाहीस. लीलेने कळवलं ना? तिला विचारलं, ती चुलीकडे तोंड करून बसली.

असो. आता लपवायचं काही नाही, तेव्हा दोन तासांचंही सांगतो. मला दांडी एकदा ढकलता येईल. मग थकलेला अंगठा पुन्हा उचलेल की नाही, हे त्या वेळेपर्यंत कळणार नाही. वीस मिनिटांनी सेल बदलून पुन्हा सुरू करायची तुझी सोय माझ्या कामाची नाही. एकदा निघाली की तिने पुष्कळ वेळ चालावं. मी बघत बसेन. सुकाणू सयाजीने धरलं तरी चालेल, बोटीवर सुकाणू तसंही आपल्या हातात कधी नव्हतं. पण इंजिन मी सुरू करणार.

सयाजी लिहिता लिहिता थांबलाय. मी त्याला म्हटलं, लिही.

एक विनंती आहे. येऊ नकोस. तुझ्या डोक्यात मी हिसक्यात व्हॉल्व्ह फिरवणारा आहे, तुझ्याच पत्रात आहे ते. तो तिथे राहू दे. मोटारी पाठव.

हंबीरराव

सांगली
२२ नोव्हेंबर १९७५

प्रिय हंबीर,

तुझं ऐकतोय म्हणून येत नाही. मनात रोज येऊन जातो.

महिना गेला, आणि तो मी झोपा काढण्यात घालवलेला नाही. पहिली मोटर भरली, चालवली, तर दुसरी तिच्यापेक्षा जलद. दुसरीची गुंडाळी पुन्हा काढली. पुन्हा भरताना घाई केली आणि ती जळाली. सबंध सांगली-मिरजेत त्या जातीची मोटर मिळेना. शेवटी माधवनगरच्या एका मोडक्या ट्रकची काढून आणली. तुझ्या पत्राकडे बघत बसायचो आणि तार गुंडाळायचो. वीस वर्षं हेच काम करतोय, पण या तारेला घाई केली की ती तुटते आणि सावकाश गेलं की दिवस जातो. तिसरा रस्ता मला सापडला नाही.

जोडी जुळली तर नवंच निघालं. मोटारी फिरल्या की आतल्या कोळशाच्या ब्रशमधून ठिणग्या उडायच्या आणि रेडिओत खरखर शिरायची. सुकाणू आपोआप थरथरायचं. बायको म्हणाली, तुमच्यासारखं यालाही वारं भरलं का? मोटारींवर कंडेन्सर लावले तेव्हा थांबलं.

काल दारातल्या हौदात पंखे बुडवून दोन तास दहा मिनिटं चालवलं. पुढेही काही वेळ चाललं असतं. मीच बंद केलं.

दांडीला मागे खेचणारी स्प्रिंग काढून टाकलीय. आता ती फुंकर मारली तरी सरकते. मी मारून पाहिली.

सयाजीला पाठव. एसटीच्या टपावर हे सामान टाकायचा मला धीर होत नाही.

हरी

बोरीचीवाडी
११ जानेवारी १९७६

हरीभाऊ,

तुमच्याकडून सामान घेऊन आलो त्यानंतर पत्र लिहिलं नाही, त्याची माफी असावी. बोटीचं नाक सुताराने उशिरा दिलं. मग रंग. मग दादांना ताप आला आणि छातीत कफ भरला. तो उतरेपर्यंत तलावाचं पाणी रोज मागे सरकताना बघत होतो. काठापासून पाण्यापर्यंत चिखल झाला, तिथे फळ्या टाकल्या.

काल नेलं. गावाला कळू दिलं नव्हतं. मी, वहिनी आणि दादा. बोट पाण्यात सोडली. तांबडी रेघ पाण्याला अशी लागली की जणू पाण्यानेच ओढलीय. दादांनी ते पुष्कळ वेळ पाहिलं.

पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी डावा हात उचलून अंगठा दांडीला लावून दिला. मी पेटी धरून शेजारी बसलो. दादा म्हणाले, “थांबा. कुणी हात लावायचा न्हाई.”

हरीभाऊ, दांडी तुम्ही म्हणालात तशीच हलकी होती. तरी ती हलली नाही. त्यांच्या कपाळाची शीर फुगली, मान थरथरली, अंगठा जागच्या जागी. वहिनी पाण्याकडे बघायला लागल्या. ताप यायच्या आधी तो अंगठा हलत होता, मी रोज पाहत होतो. त्या तापात गेला. तुमच्या मोटारी तयार होत्या, बॅटरी भरलेली होती, आणि आम्हा तिघांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग मी एक केलं. पेटी सावरल्यासारखं करून माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर टेकवला आणि अगदी हळू दाबला. दांडी सरकली. बोट निघाली.

दादांना कळलं नाही. ते बोटीकडेच बघत होते. म्हणाले, “निघाली.” बोट संथ गेली, तलावाच्या मध्यावर मी सुकाणूने वळवली, परत आणली, पुन्हा पाठवली. ऊन तापलं तरी ते हलायला तयार नव्हते. बॅटरी दोन तासांपेक्षा जास्तच चालली. मग बोट मध्येच थांबली आणि मी पोहत जाऊन आणली.

त्यांना वाटतंय त्यांनी चालवली. मी बरोबर केलं का, मला ठरवता येत नाही. वहिनींनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण मोटारी तुम्ही केल्या. दादांना कधी कळू देऊ नका.

सयाजी

बोरीचीवाडी
१५ जानेवारी

हरीभावजींना नमस्कार.

सयाजीभावजी कांदा घिऊन लोणंदच्या बाजारात गेल्यात. ते नसताना हे म्हणाले, कागद घे, हरीला लिही. मी सांगतो तसं लिही, तुझं काय घालू नको. आता ह्यांचा शब्द नीट कळत न्हाई, मी तोंडाजवळ कान नेऊन लिहिते. ते म्हणाले ते असं:

“हरी, बोट चालली. तुझ्या मोटारी आवाज करत न्हाईत. बॅटरी तू म्हणालास त्याच्यापरीस जास्त चालली. लय देखणी दिसली. बंदरात शिरताना आपली बोट बाहेरनं कशी दिसत आसंल ते मला कवाच बघाय मिळालं न्हवतं, मी खाली आसायचो. ते बघितलं.

पर ती मी चालवली न्हाई. सयानं माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवला. त्याला वाटतं मला कळलं न्हाई. ह्या आजारात ताकद जाती, हात लागल्याला कळतो. माशी बसली तरी कळती, तिला हाकलता येत न्हाई एवढंच. त्यानं पेटी सावरल्याचं सोंग केलं. मी त्याच्याकडं बघितलं आसतं तर त्यानं हात काढला आसता. म्हणून बोटीकडं बघितलं आणि निघाली म्हणालो.

हे तुला एकट्याला ठाऊक आसू दे. सयाला कळू देऊ नको. त्यो घरात गाणं म्हणत हिंडतोय.”

एवढंच म्हणाले. मग दमले.

माझं काय घालू नको म्हणाले हुते तरी घालते. म्या बी बघितलं हुतं. मी पाण्याकडं बघत हुते, पाण्यात सगळं दिसत हुतं.

लीलाबाई

सांगली
२० जानेवारी १९७६

प्रिय हंबीर,

हे पत्र सयाजी तुला मोठ्याने वाचून दाखवेल आणि वहिनी चुलीपाशी बसून ऐकतील, असं समजून लिहितोय. चार दिवस चार कागद फाडले. हा पाचवा आहे, हा काही फाडत नाही.

बोट चालली हे सयाजीने कळवलं. दोन तासांच्या वर बॅटरी टिकली याचा अर्थ मोटारींवर ताण आला नाही. ब्रश गरम झाले होते का, हे सयाजीने बघून कळवावं.

बॅटऱ्या रिकाम्या ठेवू नका, प्लेटा खराब होतात. लोणंदला चार्ज करून आणा. आतलं पाणी कमी झालं असेल तर शुद्ध पाणीच घाला, विहिरीचं नको. बोट पुसून पंख्यांच्या दांड्यांना ग्रीस लावा.

तलावात अजून महिनाभर पाणी राहील असं दिसतं. तेवढ्यात तुला बसवेल त्या दिवशी पुन्हा ने. दांडीत मी आता काही बदल करणार नाही. ती आणखी हलकी करता येत नाही. मी पाहिलं.

फक्त एक कर. पुढच्या वेळीही पेटी सयाजीलाच धरू दे, मागच्या वेळी धरली होती तशीच. आणि सयाजी, तू घाबरू नकोस. धरत जा.

तुमचा,
हरी